जो ढकलला गेला, त्याचे काय?



आज जरा वेगळ्या विषयावर लिहितो आहे. काही कार्यकर्ते मित्र नाक मुरडतील. "रोज अत्याचाराच्या बातम्या येताहेत आणि हा परग्रहावरच्या मालिका कसल्या बघत बसलाय?" असे म्हणतील. त्यांना एवढीच विनंती, लेख शेवटपर्यंत वाचा आणि मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या.

मी 'स्टार ट्रेक'चा चाहता आहे, हे आधीच कबूल करतो. वसतिगृहात असताना मित्राच्या जुन्या लॅपटॉपवर 'डीप स्पेस नाईन' ही मालिका आम्ही चौघांनी रात्र रात्र जागून पाहिली. 1993 ते 1999 या काळात सात पर्वे चाललेली ही अमेरिकन मालिका. तिचा नायक बेंजामिन सिस्को, एका अवकाश स्थानकाचा प्रमुख, काळा माणूस. ॲव्हरी ब्रूक्स या काळ्या नटाने ती भूमिका केली. खोलीत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली सतरंजीवर आम्ही चौघे, आणि पडद्यावर एक काळा माणूस हुकूम देतोय आणि सगळे तो पाळताहेत. त्या वयात हे बघून काय वाटले असेल, ते ज्याला वर्गात मागच्या बाकावर बसवले त्यालाच कळेल.

याच मालिकेच्या चौथ्या पर्वात 'ॲक्सेशन' नावाचा भाग आहे. 1996 च्या फेब्रुवारीत तो दाखवला गेला. लेखिका जेन एस्पेन्सन. हा भाग थेट जातीवर आहे. मी तो पाच-सहा वेळा तरी पाहिला. दर वेळी सुरुवातीला ऊर भरून येतो, आणि दर वेळी शेवटी डोके तापते.

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारच्या अभ्यासवर्गाला हा भाग पोरांना दाखवला. अडलेल्या जागी थांबवून मराठीत समजावून सांगत होतो. संपल्यावर मला वाटले, आता टाळ्या पडतील. अकरावीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "दादा, तो माणूस वरून ढकलून मारला ना, त्याचं नाव काय होतं?"

मला सांगता आले नाही. इतक्या वेळा पाहूनही सांगता आले नाही. हा लेख त्या प्रश्नातून आला आहे.

गोष्ट काय आहे?

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बजोर नावाचा एक ग्रह आहे. कार्डॅशियन नावाच्या साम्राज्याने त्याला सुमारे पन्नास वर्षे गुलाम करून ठेवले होते. ते आता निघून गेले आहेत आणि बजोरी लोक आपला देश पुन्हा उभा करताहेत. बजोर अजून फेडरेशनचा सदस्य नाही. फेडरेशन म्हणजे अनेक ग्रहांचा मिळून केलेला संघ. सिस्को या संघाचा अधिकारी, आणि बजोरला संघात सामील होण्यालायक करणे हे त्याचे काम.

बजोरी लोक 'प्रॉफेट्स' नावाच्या देवांना मानतात. हे देव अवकाशातल्या एका भुयारात राहतात. संघाचे शास्त्रज्ञ त्यांना देव न म्हणता त्या भुयारात राहणारे परके जीव म्हणतात. सिस्कोची या जिवांशी गाठ पडली, म्हणून बजोरी लोक त्याला देवांचा दूत मानतात. त्याला स्वतःला हे दूतपण अवघडल्यासारखे वाटते. लग्नात आशीर्वाद द्या, सणाला या, हे सगळे तो नाइलाजाने करतो.

अशात त्या भुयारातून एक जुने जहाज बाहेर येते. त्यात अकोरेम लान नावाचा कवी आहे, दोनशे वर्षांपूर्वी बेपत्ता झालेला. त्याच्या कविता आजही लोकांना पाठ आहेत. तो म्हणतो, देवांनी मला वाचवले, खरा दूत मीच. सिस्कोला सुटल्यासारखे वाटते आणि तो दूतपण त्याच्या हवाली करून मोकळा होतो.

आणि मग हा कवी पहिल्याच मोठ्या भाषणात सांगतो, बजोर वाट चुकला आहे, सगळ्यांनी पुन्हा आपापल्या 'डजारा'कडे परत जावे.

डजारा म्हणजे काय? ज्या कुळात जन्मलात त्या कुळाचे ठरलेले काम, आणि त्या कामाप्रमाणे ठरलेली पायरी. कलावंतांचा डजारा वेगळा, शेतकऱ्यांचा वेगळा. सगळ्यात खाली इमुट्टा. त्यांचे काम प्रेताची अंत्यविधीसाठी तयारी करणे, म्हणून ते अशुद्ध. समजावून सांगायची गरज आहे का? आपल्या आजोबा-पणजोबांनी मर्तिकाचा सांगावा घेऊन दहा गावे तुडवली, सरणाची लाकडे वाहिली, मेलेली ढोरे ओढली. अशुद्ध मात्र तेच ठरले. विहारातल्या पोरांना इथे एक शब्दही सांगावा लागला नाही.

कार्डॅशियनांशी लढताना बजोरींनी डजारा सोडून दिले होते, कारण सगळ्यांनाच सैनिक व्हावे लागले. आता देवाच्या दूताचा हुकूम आला आणि माणसे पुन्हा आपापल्या पायरीवर जाऊ लागली. मेजर कीरा ही मालिकेतली लढाऊ बाई. कोवळ्या वयापासून हातात बंदूक घेऊन साम्राज्याशी लढलेली. तिचे कूळ कलावंतांचे. तीसुद्धा मुकाट्याने मातीचा पक्षी करायला बसते, तो काही जमत नाही, तरी नोकरी सोडून घरी परतायची तयारी करते.

आणि मग एक धर्मगुरू दुसऱ्याला वरच्या मजल्यावरून ढकलून ठार मारतो. कारण? मेलेला इमुट्टा होता आणि धर्मसंघ सोडून जायला तयार नव्हता.

जे आवडले, ते आधी

टीका करण्याआधी देणे देऊन टाकू.

पहिली गोष्ट, या भागात जात परत आणणारा माणूस खलनायक नाही. तो सभ्य आहे, गोड बोलतो, सुंदर कविता लिहितो. त्याला कुणाचा द्वेष नाही. प्रत्येकाला आपले स्थान मिळावे, समाजाची घडी नीट बसावी, एवढेच त्याचे म्हणणे. ओळखलेत ना? 1936 साली बाबासाहेबांच्या 'जातिभेद निर्मूलना'ला उत्तर देताना गांधीजींनी 'हरिजन'मधून वर्णधर्माची बाजू अशीच मांडली होती: वाडवडिलांचा व्यवसाय करून पोट भरावे, सगळी कामे देवापुढे सारखी. आपल्या सिनेमांत जातवादी माणूस म्हणजे मिशा पिळणारा, दारू पिणारा ठाकूर. खरी जात मात्र बहुतेक वेळा हसतमुखाने, चहा विचारत येते. परदेशातल्या लेखिकेला हे कळले, आपल्या कितीतरी दिग्दर्शकांना अजून कळलेले नाही.

दुसरी गोष्ट, जात किती लवकर परत येते हे या भागाने दाखवले. शतके लागत नाहीत. काही दिवस पुरतात. कारण बजोरींनी जात तत्त्व म्हणून सोडलेली नव्हती, लढाईच्या सोयीसाठी बाजूला ठेवली होती. आधी स्वातंत्र्य मिळवू, सामाजिक प्रश्न मागाहून बघू, हे आपल्याकडचे जुने गाणे आहे. 1895 साली पुण्यातल्या काँग्रेस अधिवेशनाच्या वेळी सामाजिक परिषद त्या मंडपात भरू नये म्हणून मंडप जाळायची धमकी दिली गेली होती. बाबासाहेबांनी 'जातिभेद निर्मूलना'त त्याची आठवण मुद्दाम करून दिली आहे. मागाहून बघू म्हणणाऱ्यांचे पुढे काय होते, ते बजोरवर दिसते.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. सिस्को स्पष्ट सांगतो की जातीवर आधारलेला भेदभाव संघाच्या सनदेत बसत नाही. डजारा परत आणाल तर बजोरला संघाचे सदस्यत्व मिळणार नाही. आमची संस्कृती, आमची परंपरा, आमचा अंतर्गत प्रश्न, ही कारणे चालणार नाहीत.

हे वाक्य ऐकून आम्ही चौघे वसतिगृहात शिट्ट्या मारत उठलो होतो. 1996 सालच्या अमेरिकन मालिकेत कुणीतरी जातीला जात म्हटले आणि तिला दरवाजा बंद केला! प्रत्यक्षातल्या अमेरिकेचे काय? जातीवरून भेदभाव करायला बंदी घालणारे पहिले अमेरिकन शहर सिएटल, आणि तो ठराव झाला 21 फेब्रुवारी 2023 रोजी. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसेच विधेयक मंजूर केले, आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरने ते परत पाठवले. सध्याचे कायदे पुरेसे आहेत, हे कारण. म्हणजे पडद्यावरची सनद खऱ्या राज्याच्या सत्तावीस वर्षे पुढे होती. याचे श्रेय लेखिकेला दिलेच पाहिजे.

आता भांडण

पहिले भांडण त्या मुलीच्या प्रश्नावरून.

जातीवरच्या या कथेत जातीचा खरा मार ज्याला बसतो, तो माणूस कुठे आहे? त्याची ओळख आपल्याला होते ती तो मेल्यावर. तो कसा बोलायचा, धर्मसंघात कधी आला, प्रेतांचे काम करणाऱ्या घरातून निघून तिथवर पोहोचायला त्याला काय काय सोसावे लागले, घरी कोण होते, काही कळत नाही. वेळ नव्हता म्हणावे तर याच भागात ओब्रायन आणि डॉक्टर बशीर या दोन मित्रांची लांबलचक गोष्ट आहे. ओब्रायनची बायको परत आली, आता दोघांना खेळायला वेळ कसा मिळणार, हा तिथला पेच. त्यासाठी वेळ होता. इमुट्टाच्या तोंडी चार वाक्ये घालायला नव्हता.

जातीचे दुःख या भागात आपल्याला दिसते ते कीराच्या चेहऱ्यावर. कीरा वरच्या डजाराची. तिचे दुःख काय, तर आवडते काम सोडून मूर्ती कराव्या लागणार. हेही दुःखच आहे, मी हसत नाही. जात ही कामाची नव्हे तर काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी सांगितले, आणि कीराची ओढाताण त्यातूनच येते. पण बाबासाहेब तिथे थांबले नव्हते. ही वाटणी एकावर एक अशी रचलेली उतरंड आहे, हेही त्यांनी लगेच सांगितले. उतरंडीतल्या वरच्या मडक्याची कुरकुर ऐकवायची आणि सगळ्यात खालच्या मडक्याचा चुरा झाला तो फक्त दाखवायचा, हे मला मान्य नाही.

आणखी एक गोष्ट बघा. तो माणूस धर्मसंघ सोडायला तयार नव्हता. केवढी मोठी गोष्ट आहे ही! देवाच्या दूताचा हुकूम आला, शूर मेजर कीरा वाकली, सगळा ग्रह वाकला, पण हा एक माणूस वाकला नाही. या कथेतला खरा सत्याग्रही तोच. बुद्धाच्या संघात उपाली न्हावी आला तेव्हा शाक्य राजपुत्रांच्या आधी त्याला दीक्षा दिली गेली, म्हणजे मागाहून येणाऱ्या राजपुत्रांना त्याला वंदन करावे लागावे. आपल्याकडे संघाची ही परंपरा आहे. संघातल्या जागेसाठी जीव देणारा माणूस हाताशी असताना लेखिकेला त्याच्यात नायक दिसला नाही. तिला फक्त प्रेत दिसले.

दुसरे भांडण याहून मोठे.

शेवटी जात जाते कशी? खून झाल्यावर सिस्को जागा होतो. तो पुन्हा म्हणतो, दूत मीच. दोघे मिळून त्या भुयारात जातात आणि देवांनाच विचारतात. देव सांगतात, दूत सिस्कोच. कवीला त्यांनी परत पाठवले ते सिस्कोसाठी, त्याने आपले स्थान ओळखावे म्हणून. मग कवीला त्याच्या काळात परत पाठवले जाते, डजाराचा हुकूम आपोआप रद्द होतो, आणि सगळे सुखी.

आता नीट विचार करा. डजारा का गेले? ते वाईट होते म्हणून गेले का? नाही. देवांच्या खऱ्या दूताने ते सांगितले नव्हते म्हणून गेले. उद्या देवांनी सिस्कोला बोलावून सांगितले असते की कवीचे बरोबर आहे, तर? कीराने नोकरी सोडलीच असती. इमुट्टा पुन्हा प्रेतांकडे गेलेच असते. देवाचा हुकूम असला तरी आम्ही हे मानणार नाही, असे म्हणणारा एकही बजोरी मालिकेने उभा केला नाही. जो होता, तो ढकलला गेला.

हीच सुधारकांची वाट. खऱ्या धर्मात जात नाही, खऱ्या शास्त्रात अस्पृश्यता नाही, मधल्या लोकांनी घाण केली, मूळ ग्रंथ नीट वाचा, असे सांगणारे आपण रोज ऐकतो. बाबासाहेबांनी 1936 साली या वाटेचा निकाल लावला होता. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या भाषणात त्यांनी दाखवून दिले की माणसे जात पाळतात ती दुष्ट असतात म्हणून नव्हे, ती धर्मनिष्ठ असतात म्हणून. तेव्हा ज्या शास्त्रांनी ही निष्ठा शिकवली त्यांची पवित्रताच मोडली पाहिजे. मंडळाला एवढे झेपले नाही. त्यांनी बदल सुचवले, बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला, भाषण रद्द झाले, आणि बाबासाहेबांनी ते स्वतःच्या खर्चाने छापले.

मेजर कीरा हे या विधानाचे जिवंत उदाहरण आहे. ती दुष्ट नाही, ती श्रद्धाळू आहे. खून करणारा धर्मगुरूही श्रद्धाळूच आहे. इथवर लेखिका बाबासाहेबांच्या अगदी दारापर्यंत येते. फक्त उंबरा ओलांडायचा होता. तिथून ती मागे वळते आणि पुन्हा देवांच्या पायाशी जाऊन बसते. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. तिचा योग्य अर्थ कोणता, हे विचारायला बाबासाहेब कुणा देवाकडे गेले नव्हते.

तिसरे भांडण मला सगळ्यात जास्त लागते. देव म्हणतात, हे सगळे सिस्कोसाठी होते. म्हणजे नायकाला स्वतःची ओळख पटावी यासाठी एक धडा रचला गेला, आणि त्या धड्याचा खर्च म्हणून एक इमुट्टा मेला. भागाचा शेवट प्रसन्न आहे. सिस्को आता आनंदाने आशीर्वाद द्यायला निघतो. कवीची अर्धी राहिलेली कविता इतिहासात पूर्ण झालेली दिसते आणि त्याचे कौतुक होते. कविता पूर्ण झाली हो, पण माणूस अर्ध्यावर मेला, त्याचे काय? आपल्याकडेही एखादे पोर मेले की कुणाचा तरी आत्मा जागा होतो, मेणबत्त्या लागतात, एखादा चांगला सिनेमा निघतो, त्याला बक्षीस मिळते. मेलेल्याची आई मात्र तारखांना कोर्टाच्या पायऱ्या चढत राहते.

"अहो, ती एक मालिका आहे!"

हे म्हणणारे येणारच. काही सवर्ण चाहते मला म्हणाले, त्या काळातल्या पाऊण तासाच्या भागाकडून किती अपेक्षा करणार? निकाल तर जातीच्या विरोधातच लागला ना?

त्यांना याच मालिकेतले उत्तर देतो. दोन वर्षांनी, 1998 च्या फेब्रुवारीत, याच मालिकेने 'फार बियॉन्ड द स्टार्स' हा भाग दाखवला. तो ॲव्हरी ब्रूक्स यांनी स्वतः दिग्दर्शित केला. त्यात 1953 च्या न्यूयॉर्कमधला बेनी रसेल नावाचा काळा विज्ञानकथालेखक आहे. वाचकांना लेखक काळा आहे हे कळू नये म्हणून फोटोच्या दिवशी त्याला घरी थांबायला सांगितले जाते. तो काळ्या कप्तानाची कथा लिहितो, तर मालक अख्खा अंक रद्द करतो आणि त्याला कामावरून काढले जाते. पोलीस त्याला मारतात. शेवटी तो सगळ्यांसमोर कोसळतो, पण कोसळताना बोलतो. आपले जग खरे आहे, ते कुणी पुसू शकत नाही, हे ओरडून सांगतो. तो प्रसंग मी कोरड्या डोळ्यांनी एकदाही पाहू शकलो नाही.

लांबी तेवढीच, मालिका तीच, नटही तोच. मग फरक कशाचा? वर्णद्वेषावर बोलायची वेळ आली तेव्हा काळ्या माणसाला कथेच्या मध्यभागी बसवले, कॅमेरा काळ्या दिग्दर्शकाच्या हाती होता, म्हणून ती जखम आतून दिसली. जातीची वेळ आली तेव्हा आतून बघणारे कुणीच नव्हते. म्हणून जात ही एक कल्पना झाली, परग्रहावरची जुनी चाल झाली, आणि तिचा बळी हे एक प्रेत झाले. वेळेची सबब इथे संपते.

गंमत म्हणजे या दोन जखमांचे नाते जुने आहे. 1946 साली बाबासाहेबांनी काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले, काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाची प्रत मागितली, आणि अस्पृश्यांची व निग्रोंची स्थिती किती सारखी आहे ते कळवले. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तीही अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. 'ॲक्सेशन'मध्ये एक काळा माणूस जातीच्या विरोधात उभा आहे, पण त्याच्या स्वतःच्या लोकांच्या इतिहासाचा आणि त्या इमुट्टाचा दुवा कथा जोडत नाही. तो दुवा आमच्या खोलीत, बाबासाहेबांच्या फोटोखाली जोडला गेला. आम्हीच जोडला.

मग मालिका फेकून द्यायची का?

मुळीच नाही. मी अजूनही चाहता आहे. सिस्को अजूनही माझा आहे.

आपल्यातल्या काही मित्रांना दोनच गोष्टी येतात. एक तर जातीचे नुसते नाव घेतले की टाळ्या, नाहीतर एक चूक दिसली की बहिष्कार. दोन्हीत डोक्याला काम नाही. ज्या भागाने जातीला सनदेबाहेर काढले त्याचे आभार मानायचे, आणि ज्याने तिची मुळे देवाच्या पायाशी सुरक्षित ठेवली त्याला जाबही विचारायचा. तो भाग एकच आहे, त्याला आपण काय करणार?

आणि मित्रांनो, खरे ओझे लेखिकेवर नाही, आपल्यावर आहे. 31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांनी पहिले पत्र काढले, त्याचे नाव 'मूकनायक' ठेवले. ज्यांना बोलू दिले गेले नाही त्यांनी स्वतः बोलावे, यासाठी. आपल्या पोरांनी आत्मकथने लिहिली, कविता लिहिल्या, रॅप केले. विज्ञानकथेला मात्र आपण फारसा हात लावलेला नाही. भविष्यात कोण असेल, कोण कुठे राहील, कुणाची मुले अवकाशात जातील, हे ठरवायचे काम आपण दुसऱ्यांवर सोपवले आहे. त्यांच्या भविष्यात आपण एक तर नसतो, नाहीतर वरच्या मजल्यावरून ढकलले जातो.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे. हा भाग तुमच्या अभ्यासवर्गात जरूर दाखवा. विहारात, वसतिगृहात, ग्रंथालयात दाखवा. दाखवून झाल्यावर लगेच चहा वाटू नका. आधी पोरांना तीन प्रश्न विचारा. डजारा नेमके कुणी रद्द केले? देवांनी ते रद्द केले नसते तर बजोरी लोकांनी काय करायला हवे होते? आणि जो ढकलला गेला, त्याने त्याआधी काय म्हटले असेल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तोंडी घेऊ नका. वही-पेन द्या आणि लिहायला सांगा. पंधरा मिनिटे द्या. आमच्या वर्गात आम्ही तसे केले. सगळ्यांनी लिहिले असे नाही. काहींनी दोनच ओळी लिहिल्या, एका पोराने नुसते विमान काढले. पण त्या अकरावीतल्या मुलीने दोन पाने भरली, आणि पहिल्याच ओळीत त्याला नाव दिले होते.

जय भीम! जय संविधान!